हसता हसता हातपाय गळतात

१९ वर्षांचा मुलगा. बी.कॉम.चं दुसरं वर्ष, बरोबर सीएची तयारी. घर इंदूरच्या लोकमान्य नगरात. वडील बँकेत, आई शिक्षिका, घरात आजी. फाइलवर आधीचं निदान लिहिलेलं होतं अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, आणि त्यावरची व्हॅल्प्रोएटची गोळी गेले आठ महिने चालू होती.

आईने मात्र सुरुवात फिटपासून केली नाही. "मॅडम, हा कुठेही झोपतो. क्लासमध्ये झोपतो, जेवता जेवता ताटावर झोपतो, आरतीला उभा असताना झोपतो. रात्री दहाला निजवलं तरी तेच." वडील म्हणाले, "दहावीपासूनच असा ढिला पडलाय. आधी वाटलं मोबाइल. मोबाइल काढून घेतला, काही फरक नाही." मुलगा खाली मान घालून ऐकत होता. दिवसा किती झोप येते हे मोजायची एक साधी प्रश्नावली असते, एपवर्थची. वाचताना, बसमध्ये, जेवणानंतर अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, असं विचारून २४ पैकी गुण देतात. १० च्या वर गेलं की लक्ष द्यायचं. याचे २० आले.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितेय, कारण दिवसा झोपणाऱ्या मुलाला आपल्याकडे आधी स्वभावाचं औषध मिळतं, मग फिटचं. या मुलाला होता तो आजार मुळात झोप जास्त असण्याचा नव्हताच. जाग टिकवून धरणारं एक रसायन त्याच्या मेंदूत जवळजवळ संपलं होतं.

आधीची हकीगत

दहावीचं वर्ष संपता संपता झोप सुरू झाली. त्याच वर्षभरात वजन नऊ किलोंनी वाढलं, खाणं फारसं न वाढता. शाळेत सरांनी शिक्षा म्हणून मागे उभं केलं, तर हा भिंतीला टेकून उभ्याउभ्या झोपला. अकरावी-बारावीत क्लासमध्ये 'कुंभकर्ण' हे नाव पडलं. घरात वडिलांचं बोलणं वाढलं आणि याचं कमी झालं. दिवसाला तीन-चार कप कॉफी प्यायचा, त्यावर अर्धा तास कसाबसा निघायचा.

दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या. दुपारी १५ मिनिटांची डुलकी लागली की हा टवटवीत उठायचा आणि पुढचा तासभर बरा जायचा. थायरॉइड, रक्तक्षय, नैराश्य यांतला थकवा अशा छोट्या डुलकीने सहसा जात नाही. आणि रात्रीची झोप सलग नव्हती, चार-पाच वेळा मोडायची. घरचे म्हणत, "दिवसा लोळतो म्हणून रात्री जागतो." चोवीस तासांची बेरीज केली तेव्हा दिसलं की तो एकूण झोपत होता साधारण त्याच्या वयाच्या कुठल्याही मुलाइतकाच. फक्त ती झोप दिवस-रात्रभर तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली होती.

आता फिटचं. मित्रांबरोबर रात्री सराफ्यात गेला होता. चौघं भुट्ट्याचा कीस खात उभे होते. एकाने कॉलेजच्या कुठल्याशा सरांची नक्कल केली, याला हसू फुटलं, हातातला द्रोण सुटला, गुडघे मोडले आणि हा तिथेच रस्त्यावर बसकण मारून आडवा झाला. गर्दी जमली. कुणीतरी "मिर्गी है" म्हणालं, कुणी चप्पल नाकाशी धरली, कुणी हातात किल्ल्या कोंबल्या. मिनिटभरात उठून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं, मेंदूचा आलेख काढला, एमआरआय झाला, दोन्ही नॉर्मल. 'अचानक पडला' एवढ्या हकिगतीवर गोळी सुरू झाली. त्या डॉक्टरांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. सांगायला मित्र गेले होते, मुलगा गप्प होता, आणि हसण्याचा उल्लेख कुणीच केला नव्हता. व्हॅल्प्रोएटने सुस्ती वाढते आणि वजनही, तसं ते वाढलं. 'फिट' मात्र येतच राहिल्या.

एक प्रश्न

मी आई-वडिलांना थांबवून मुलालाच विचारलं, "पडतोस तेव्हा तुला कळत असतं का?"

"सगळं कळतं."

"म्हणजे?"

"तो चप्पलवाला माणूस म्हणत होता, 'मुँह खोलो इसका, जीभ कट जाएगी.' मला सांगायचं होतं की मी ठीक आहे. तोंड हलत नव्हतं."

ज्या फिटमध्ये माणूस असा कोसळतो, तिच्यात त्याला मधली वाक्यं सहसा आठवत नाहीत. शुद्धीवर आल्यावरही तो काही वेळ गोंधळलेला असतो. बऱ्याचदा जीभ चावलेली असते, कपडे ओले झालेले असतात. इथे यातलं काही नव्हतं. मग मी विचारलं, "काय झालं की असं होतं?"

त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुणी जोक मारला की. आणि मीच जोक सांगत असलो तर जास्त. शेवटचं वाक्य यायच्या आधीच जबडा सैल पडतो." सुरुवातीला नुसती मान लुळी पडायची, पेन गळायचं, जीभ जड व्हायची. मित्रांना वाटायचं नाटक करतोय. गणपतीच्या दिवसांत कॉलनीच्या नाटकात विनोदी भूमिका मिळाली होती, तालमीत दोनदा बसकण मारल्यावर याने नाटक सोडलं. हळूहळू मित्रांत जाणंच सोडलं. हसू येईल अशा जागा हा मुलगा टाळत होता, आणि घरच्यांना वाटत होतं की तो माणूसघाणा झालाय.

बाहेर त्याचा मावसभाऊ बसला होता, त्याला आत बोलावलं. दोघांची लहानपणची एक फजिती सांगायला लावली. अर्ध्या मिनिटात याच्या चेहऱ्यावरचं हसू एका बाजूने ओघळल्यासारखं झालं. पापण्या खाली आल्या, ओठ थरथरले, मान दोन-तीनदा झोके खात छातीवर टेकली, हात खुर्चीच्या कडेला लोंबले. मी हातोडी गुडघ्याखाली मारली. एरवी पाय झटकन उडायला हवा, इथे काहीच हललं नाही. श्वास व्यवस्थित, बाहुल्या उजेडाला प्रतिसाद देणाऱ्या. मी हळू आवाजात तीन शब्द म्हटले: राजवाडा, पिंपळ, कंदील. जेमतेम मिनिटाने मान वर आली. पुन्हा हातोडी मारली, पाय उडाला. "काय म्हणाले मी?" त्याने तिन्ही शब्द क्रमाने सांगितले.

शुद्ध शाबूत, स्नायू पूर्ण सैल, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया तेवढ्यापुरती गायब, आणि कारण हसू. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. एवढ्यावर नार्कोलेप्सीचं, म्हणजे झोप आणि जाग यांची सीमाच ढिली पडण्याच्या आजाराचं, निदान जवळजवळ नक्की होतं. दवाखान्यात झटका प्रत्यक्ष पाहायला मिळणं दुर्मीळ, बहुतेक वेळा मोबाइलवरच्या व्हिडिओवर भागवावं लागतं. म्हणून नातेवाइकांना माझं सांगणं असतं की माणूस असा पडला तर सुरक्षित आडवा करा आणि एकाने शूटिंग करा. चपलेचा काही उपयोग नाही.

आधी साध्या कारणांचा निकाल

तरीही तपासणीआधी एक गोष्ट बाजूला काढणं भाग होतं. सीएची तयारी करणारी मुलं रात्री एकपर्यंत जागतात आणि पहाटे उठतात. अशा कुणालाही दिवसा झोप येईल.

त्यामागे ॲडिनोसिन असतं. मेंदूच्या पेशी जागेपणी ऊर्जा वापरतात, तसतसं त्यांच्याभोवती ॲडिनोसिन साचत जातं. ते जागं ठेवणाऱ्या पेशींना मंद करतं. झोपलं की ते ओसरतं. चहा-कॉफीतलं कॅफीन ॲडिनोसिनच्या जागा अडवून बसतं, त्यामुळे काही तास झोपेचा दाब जाणवत नाही, पण साचणं चालूच राहतं. दुसरीकडे डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर बसलेलं शरीराचं घड्याळ उजेड-अंधारावर चालतं आणि अंधार पडल्यावर पिनिअल ग्रंथीला मेलाटोनिन सोडायला लावतं. साचलेला दाब आणि घड्याळ या दोन्हींच्या मेळातून झोपेची वेळ ठरते, ही मांडणी स्वित्झर्लंडच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली आणि ती आजही उपयोगी पडते.

म्हणून दोन आठवडे त्याला रात्री साडेदहा ते सकाळी सात बिछान्यात राहायला सांगितलं, झोपेची वही लिहायला लावली, कॉफी बंद केली. व्हॅल्प्रोएट आधीच काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवलं होतं. फिटची गोळी एकदम तोडायची नसते. निव्वळ राहिलेली झोप हे कारण असतं तर या दोन आठवड्यांत तो बराच सुधारला असता. वही पाहिली तर दिवसाच्या डुलक्या तशाच होत्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन ठीक. घोरणं नाही.

मग झोपेच्या प्रयोगशाळेत एक रात्र आणि पुढचा पूर्ण दिवस. रात्रीच्या नोंदीत श्वास अडकणं सापडलं नाही. पण झोप लागल्यावर सहाव्या मिनिटाला स्वप्नांची झोप सुरू झाली, जिला आरईएम म्हणतात. निरोगी माणसात ती साधारण दीड तासाने येते. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी, पाच वेळा, अंधाऱ्या खोलीत २० मिनिटं पडून राहायची संधी द्यायची आणि झोप लागायला किती वेळ लागतो ते पाहायचं, अशी चाचणी असते. याला लागले अडीच, तीन, दीड, चार आणि दोन मिनिटं. सरासरी २.६. आठ किंवा त्याहून कमी ही या आजाराची मर्यादा. पाचपैकी चार डुलक्यांत आरईएम आलं. दोनदा आलं तरी पुरतं.

जाग टिकवून धरणाऱ्या ज्या रसायनाचा उल्लेख सुरुवातीला केला, त्याचं नाव ओरेक्झिन. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून त्यातलं ओरेक्झिन मोजता येतं. मिलिलिटरमागे ११० पिकोग्रॅम किंवा त्याहून कमी आलं की निदानावर शिक्कामोर्तब होतं. ती चाचणी इथे केली नाही. कॅटाप्लेक्सी डोळ्यांनी पाहिली होती, झोपेची चाचणी स्पष्ट होती, मग मुलाच्या पाठीत सुई घालून निर्णयात काहीच बदलणार नव्हतं.

मेंदूत काय बिघडलं

वडिलांना हा भाग समजावून द्यायला मी सगळ्यात जास्त वेळ घेतला, आणि इथेही घेतेय.

जाग म्हणजे झोप नसणं, असं आपण धरून चालतो. मेंदूच्या दृष्टीने जाग हे काम आहे, आणि ते सतत करावं लागतं. याचा पहिला मोठा पुरावा पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या एका साथीने दिला. मेंदूला सूज येऊन काही माणसं आठवडेच्या आठवडे झोपून राहत, तर थोडी अशीही होती की त्यांना झोपच येत नसे. व्हिएन्नाचे कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो यांनी १९१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. पुढे दगावलेल्यांचे मेंदू तपासल्यावर त्यांना दिसलं की झोपून राहिलेल्यांत मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसचा मागचा भाग आणि त्याला लागून असलेला मध्यमेंदूचा भाग बिघडला होता, न झोपणाऱ्यांत हायपोथॅलॅमसचा पुढचा. म्हणजे जागं ठेवणारी जागा वेगळी, झोपवणारी वेगळी.

आज त्या जागांमधली रसायनंही माहीत आहेत. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा निळसर ठिपका नॉरॲड्रेनॅलिन पाठवतो, रॅफे केंद्रं सेरोटोनिन. हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागातून हिस्टामिन येतं. शिवाय डोपामिन आणि ॲसिटिलकोलिन. ही सगळी मिळून मेंदूच्या सालीला जागं ठेवतात. हिस्टामिनचा अनुभव तर घराघरांत आहे. सर्दी-खाजेला ॲव्हिल घेतली की डोळे मिटतात, कारण ती मेंदूत शिरून हिस्टामिनचा जागं ठेवणारा संदेश अडवते. समोरच्या बाजूला, हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात, झोपवणाऱ्या पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो गाबा आणि गॅलानिन ही रसायनं पाठवून जागं ठेवणाऱ्या केंद्रांना गप्प करतो. आणि ती केंद्रं जागी असताना त्या पुंजक्याला गप्प करतात. दोन्ही बाजू एकमेकींना दाबतात, म्हणून आपण एकतर पूर्ण जागे असतो किंवा पूर्ण झोपलेले, आणि मधल्या अवस्थेत फार वेळ अडकत नाही. हार्वर्डच्या क्लिफर्ड सेपर यांनी ही रचना नीट मांडून दाखवली.

पण अशा रचनेत एक धोका असतो. दोन्ही बाजूंना उघडणारं दार वाऱ्याच्या झुळकेनेही आपटतं, त्याला कडी लागते. ती कडी म्हणजे ओरेक्झिन. हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागात ओरेक्झिन बनवणाऱ्या पेशी आहेत. माणसाच्या मेंदूतल्या साधारण ८६ अब्ज पेशींपैकी या जेमतेम ७० हजारांच्या आसपास. त्यांचे धागे मात्र जागं ठेवणाऱ्या प्रत्येक केंद्रापर्यंत जातात आणि दिवसभर त्यांना उभं ठेवतात.

या रसायनाचा शोध १९९८ मध्ये दोन गटांना एकाच सुमारास लागला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या गटाने त्याला हायपोक्रेटिन म्हटलं. टेक्सासात मासाशी यानागिसावा आणि ताकेशी साकुराई यांच्या गटाने ओरेक्झिन म्हटलं आणि भुकेशी संबंध जोडला. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डचे एमॅन्युएल मिन्यो यांनी दाखवलं की पिढीजात नार्कोलेप्सी असलेल्या डोबरमन कुत्र्यांत ओरेक्झिनचा संदेश घेणारा रिसेप्टर बिघडलेला असतो. आवडतं खाणं समोर ठेवलं की ही कुत्री आनंदाने कोसळायची. त्याच वर्षी यानागिसावांच्या गटाने ओरेक्झिन काढून टाकलेल्या उंदरांतही तोच प्रकार नोंदवला. २००० मध्ये माणसांची पाळी आली. नार्कोलेप्सीच्या नऊ रुग्णांच्या कण्यातलं पाणी तपासलं, तर सात जणांत ओरेक्झिन सापडलंच नाही. त्याच वर्षी मृत रुग्णांच्या मेंदूंत या पेशी ८५ ते ९५ टक्के नाहीशा झालेल्या दिसल्या. शेजारच्या इतर पेशी मात्र जागच्या जागी होत्या.

हे ऐकल्यावर वडिलांनी विचारलं, "मग हसण्याचा काय संबंध?" प्रश्न रास्त होता.

आरईएम झोपेत आपण स्वप्नं पाहतो, त्या वेळी मेंदूचा देठ मज्जारज्जूतल्या स्नायू चालवणाऱ्या पेशी गाबा आणि ग्लायसिनने बंद करून ठेवतो. नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस पलंगावरून उठून खरंच धावला असता. जागेपणी ही बंद करणारी यंत्रणा दाबून ठेवली जाते, आणि ते काम मुख्यतः नॉरॲड्रेनॅलिन व सेरोटोनिन करतात. जोराचं हसू आलं की भावनांचं केंद्र, अमिग्डाला, याच यंत्रणेला ढकलतं. आपल्यालाही हसून हसून अंगातलं बळ गेल्यासारखं वाटतं ते थोडंफार यामुळेच. पण आपल्यात ओरेक्झिन लगेच सावरून धरतं. या मुलात सावरणारं कुणी नाही, म्हणून आरईएमचा स्नायूंपुरता तुकडा भर जागेपणी उतरतो.

मग तो चप्पलवाल्याचं बोलणं कसं ऐकत होता? याचं उत्तर कॅलिफोर्नियातल्या जेरोम सीगल यांच्या गटाने नार्कोलेप्सी असलेल्या कुत्र्यांवर केलेल्या नोंदींतून मिळालं. कॅटाप्लेक्सीच्या झटक्यात नॉरॲड्रेनॅलिनच्या पेशी गप्प होतात, पण हिस्टामिनच्या पेशी चालू राहतात. नॉरॲड्रेनॅलिन गेलं म्हणून स्नायू गेले, हिस्टामिन राहिलं म्हणून शुद्ध राहिली. माझ्या मते या आजारातलं हे सगळ्यात थक्क करणारं सत्य आहे. 'जाग' म्हणून आपण जे एकसंध धरतो त्याचे धागे इतके सुटे आहेत की एक तुटला तरी दुसरा चालू राहतो.

आजी दुसऱ्या भेटीला आल्या होत्या. त्यांनी संकोचत सांगितलं, "याच्या छातीवर रात्री मुंजा बसतो. हा डोळे उघडे ठेवून पडलेला असतो, हाक मारली तर ओ देत नाही. मी अंगारा लावते." मुलानेही कबूल केलं की झोप लागता लागता कपाटाजवळ कुणीतरी उभं दिसतं आणि अंग हलवता येत नाही. मी म्हटलं, "आजी, तुम्ही जे पाहिलं ते अगदी बरोबर पाहिलंत." झोप लागताना किंवा उठताना आरईएमचं स्वप्न आणि आरईएमची बांधून ठेवणारी अवस्था जागेपणात मिसळली की असंच दिसतं आणि असंच वाटतं. निरोगी माणसालाही कधीकाळी येतो हा अनुभव. याला आठवड्यातून अनेकदा येत होता. त्या वेळी हळूच खांद्याला हात लावला की सुटका होते, हे आजींना सांगितलं. पुढे ते काम त्यांनीच घेतलं.

यालाच का

बहुतेक पुरावा एकाच दिशेला बोट दाखवतो. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून ओरेक्झिनच्या पेशींवर उलटते. एचएलए-डीक्यूबी१*०६:०२ या जनुकप्रकाराचा फार मोठा वाटा असतो, कॅटाप्लेक्सी असलेल्या दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत तो सापडतो. पण तो असलेल्या कितीतरी लोकांना आयुष्यभर काही होत नाही, म्हणून निदानासाठी त्याच्यावर विसंबता येत नाही. ठिणगी बहुधा एखाद्या संसर्गाने पडते. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर चीनमध्ये नार्कोलेप्सीचे रुग्ण वाढले. फिनलंड-स्वीडनमध्ये पँडेम्रिक्स नावाच्या एका विशिष्ट लशीनंतर मुलांत हे प्रमाण वाढल्याचं २०१० मध्ये लक्षात आलं. या मुलाच्या बाबतीत काय झालं ते आता शोधून सापडणार नाही. वडिलांना मी एवढंच स्पष्ट सांगितलं की ना मोबाइलने, ना खाण्याने, ना तुमच्या रागावण्याने हे झालंय. रागावण्याने तो गप्प झाला, तेवढं मात्र खरं.

उपचार

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. औषधं उरलेल्या केंद्रांना टेकू देतात.

सकाळी मोडाफिनिल १०० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी २००. हे प्रामुख्याने डोपामिन परत शोषलं जाण्याची क्रिया अडवतं, त्यामुळे जाग लांबते. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, पाणी वाढवल्यावर कमी झालं. अंगावर पुरळ आलं तर गोळी लगेच थांबवून फोन करायचा, हे बजावलं. इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हीच गोळी परीक्षेच्या दिवसांत जागरणासाठी चिठ्ठीशिवाय घेणारे विद्यार्थी असतात. निरोगी मेंदूत साचलेलं ॲडिनोसिन या गोळीने ओसरत नाही, फक्त जाणवत नाही. वाचलेलं पक्कं होण्यासाठी लागणारी झोप तेवढी जाते. ज्या मुलाला ही गोळी खरोखर लागते त्याच्या हाती मेडिकलवाल्याने ती संशयाने द्यावी, हा त्याचा आणखी एक तोटा.

कॅटाप्लेक्सीसाठी व्हेनलाफॅक्सिन, ३७.५ पासून ७५ मिलिग्रॅम. हे नॉरॲड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन वाढवतं, म्हणजे स्नायू बंद करणाऱ्या यंत्रणेला दाबून ठेवणारी नेमकी ती दोन रसायनं. नैराश्यात याचा गुण यायला आठवडे लागतात, कॅटाप्लेक्सीत काही दिवसांतच येतो. तसा आला. पुढे पुण्याच्या मावशीने नेटवर वाचलं की ही डिप्रेशनची गोळी आहे, "आपल्या मुलाला कशाला?" म्हणून आईने ती एकाएकी बंद केली. दोन दिवसांत झटके आधीपेक्षा जोरात परतले. सकाळपासून दुपारपर्यंत तो उठून उभाच राहू शकत नव्हता. गोळी पुन्हा सुरू केल्यावर सावरला. ही गोळी अचानक तोडल्यास कॅटाप्लेक्सी उसळून येते हे मी पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं. आता मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावायला दिलं. तिथेच खाली 'ॲव्हिल नको, सर्दीच्या गोळ्या विचारल्याशिवाय नको' हेही.

औषधांइतकाच उपयोग ठरवून घेतलेल्या डुलक्यांचा झाला. दुपारी एक आणि संध्याकाळी साडेपाच, प्रत्येकी २० मिनिटं, गजर लावून. घरी "पुन्हा झोपलास?" हे वाक्य बंद झालं. ते सगळ्यात कठीण गेलं. कॉलेजला पत्र दिलं की परीक्षेत मध्ये १५ मिनिटांची विश्रांती आणि तेवढा वाढीव वेळ द्यावा. पहिल्यांदा नकार आला. प्राचार्यांना चाचणीचा अहवाल दाखवून हा आजार कसा चालतो ते समजावल्यावर मान्य झालं. स्कूटर बंद. एबी रोडवर सिग्नलला थांबला असताना याला एकदा झोप लागून मागच्याने धक्का दिला होता, हे त्याने मला तिसऱ्या भेटीत सांगितलं, घरी अजून सांगितलं नव्हतं. ते सांगायला लावलं.

सध्या

एपवर्थचे गुण २० वरून ११ वर आलेत. कॅटाप्लेक्सी महिन्यातून दोन-तीनदा, तीही मान लुळी पडण्यापुरती. वजन चार किलोंनी उतरलं, यात व्हॅल्प्रोएट थांबल्याचा वाटा आहे. तो मित्रांत जाऊ लागलाय. विनोद ऐकताना टेबलाला टेकून बसायची युक्ती त्याची त्यानेच काढली. रात्रीची झोप मात्र अजून मोडते, त्यावर मी समाधानी नाही. दिवसाची झोप आणि कॅटाप्लेक्सी यांसाठी हिस्टामिन वाढवणारं पिटोलिसंट हा पुढचा पर्याय आहे. आणि थेट ओरेक्झिनच्या रिसेप्टरवर काम करणाऱ्या गोळ्यांच्या चाचण्या परदेशात चालू आहेत, त्यांतल्या निकालांकडे मी आशेने पाहतेय. ओरेक्झिन अडवून झोप आणणारी गोळी, सुव्होरेक्संट, अमेरिकेत २०१४ मध्येच मंजूर झाली. आता तीच वाट उलट्या दिशेने चालली जातेय.

मागच्या भेटीत मुलाला बाहेर पाठवून आईने विचारलं, "पुढे लग्न, मुलंबाळं... त्यांनाही होईल का?" आई-वडिलांपैकी एकाला हा आजार असेल तर मुलाला होण्याची शक्यता एक ते दोन टक्के. सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त, पण शंभरातली अठ्ठ्याण्णव मुलं निरोगी. त्यांनी हे दोनदा विचारून घेतलं आणि मग म्हणाल्या, "हे त्याला तुम्हीच सांगा, मॅडम. मला तो विचारत नाही." मुलाला आत बोलावून सांगितलं. त्याने वहीत आकडा लिहून घेतला आणि विचारलं की सीएच्या परीक्षेसाठी तेच पत्र पुन्हा मिळेल का. पत्र दिलंय. पुढची भेट तीन महिन्यांनी, झोपेची वही घेऊन.